उदबत्तीचा धूर कुठे जातो

आमच्या ओळखीत एक गृहस्थ होते, ते कोणाकडे गेले की आधी घराला भेटत आणि मग माणसांना. दार उघडलं की चपला काढायचे आणि उंबरठ्यावरच डोळे मिटून उभे राहायचे. आपण "या, या" म्हणत हसऱ्या चेहऱ्याने ताटकळतोय आणि हे आपले लांब श्वास घेतायत. ज्यांना सवय नव्हती त्यांना वाटे, यांना चक्कर येतेय. एका घरी तर कांदा फोडून आणला होता. मग डोळे उघडून निकाल द्यायचे. "वहिनी, फ्रिजच्या मागचं पाणी ओतलं नाही काय बरेच दिवस?" किंवा "सोफ्यावर कोणी ओला टॉवेल ठेवून राहिलं." आणि लगेच, मधे काही झालंच नाही अशा थाटात, "बरे आहात ना जी सगळे?"

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. आम्ही तेव्हा अजमानला राहायचो. आमचे हे शारजाच्या एका कंपनीत अकाउंट्सला होते आणि हे गृहस्थ त्याच कंपनीत एसीचे इंजिनियर. मूळचे नागपूरचे. मोठमोठ्या इमारतींमध्ये थंड हवा खेळवायची हे त्यांचं काम. पण सुट्टीच्या दिवशीही हवेशिवाय दुसरा विषय नाही. क्रिकेटच्या गप्पा सुरू झाल्या तर हे स्टेडियमवर वारा कुठून येतो ते सांगणार. आम्ही बायका त्यांना पाठीमागे 'हवामान खातं' म्हणायचो. समोर भावोजी.

माझं स्वतःचं नाक नथीपुरतं. दूध उतू गेलेलं मला शेजारीण येऊन सांगते. त्यामुळे एखाद्याला हवेत एवढं काही सापडतं याचं मला नवल वाटायचं आणि थोडी भीतीही. ते येणार म्हटलं की मी सकाळपासून रूम फ्रेशनर मारत सुटायची. त्यावर त्यांचा ठरलेला शेरा असे. "वासावर वास नका टाकू वहिनी. एक होता, आता दोन झाले."

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. कोणी कौतुकाने म्हणालं की आमचा नवा एसी काय थंड करतो, तर हे विचारायचे, "थंड आहे ते ठीक. आली कुठून?"

"कोण?"

"हवा."

जून-जुलैत सगळं गाव सुट्टीवर भारतात जायचं. त्याआधी हे घरोघर फोन करत. इतर लोक "लसूण चटणी आणा" म्हणून फोन करायचे, हे सांगायचे, "निघताना मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता अन् वरून चमचाभर गोडं तेल. पाणी आटलं तर गटाराची हवा घरात येते. तेलानं आटत नाही." आम्ही हसायचो की आता मोरीला फोडणीसुद्धा घाला म्हणतील. पण महिन्याभराने परत आल्यावर कोणी ऐकलं आणि कोणी नाही हे दार उघडताक्षणी कळायचं. तेव्हा माझ्या नाकालाही कळायचं.

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांच्या उदबत्त्या असत. नवीन माणसाला वाटे, काय भाविक गृहस्थ. भाविक होते, पण उदबत्त्या त्यासाठी नव्हत्या. एकदा एका घरी सत्यनारायण होता. कथा रंगात आलेली, आणि हे उठले, चौरंगापुढची पेटती उदबत्ती उचलली आणि निघाले खिडकीतल्या एसीकडे. यजमानीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पूजा सांगणारे काका थबकले. हे शांतपणे धुराकडे बघत म्हणाले, "तुम्ही चालू द्या. देव आहेत इथंच. मी फक्त पाहून राहिलो, धूर कुठे जातो." धूर एसीच्या कडेच्या फटीत गेला. फट कापडाने बुजवली, उदबत्ती जागेवर ठेवली, नमस्कार केला आणि प्रसादाला सगळ्यांत आधी हात पुढे.

तोंडावर बोलायचे, हा त्यांचा दोष म्हणा, गुण म्हणा. समोर कंपनीचा मॅनेजर असो की मॅनेजरची सासू, घराबद्दल जे सापडलं ते सगळ्यांदेखत सांगणार. एका बाईंनी उपास मोडून लपवून तळलेलं काहीतरी त्यांनी असं उघड केलं होतं की ती बाई वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हती. भावोजींना पत्ताही नव्हता की ती बोलत नाही.

घरचं मात्र फारसं बोलायचे नाहीत. शारजाला रोला भागात एका फ्लॅटमध्ये आणखी दोघांबरोबर राहायचे. बायको नागपूरला शाळेत शिक्षिका. मुलगा आणि आई तिच्याजवळ. बायकोची नोकरी पक्की, इथला पगार चांगला, म्हणून दोन्ही सोडवत नव्हतं. आमच्यासारख्या कितीतरी घरांची तीच कहाणी. शुक्रवारी फोनचं कार्ड घेऊन बूथवर जायचे आणि मग कोणाच्या तरी घरी जेवायला.

त्या वर्षी आम्ही फ्लॅट सोडून व्हिला घेतला. व्हिला म्हणजे जुनं बैठं घर, खाडीच्या बाजूला. पण त्याला सेंट्रल एसी होता आणि चक्क तळघर होतं. मालक म्हातारा अरब. तळघर का बांधलं ते त्याला स्वतःला सांगता यायचं नाही. विचारलं की हात हलवायचा, "गुड, गुड, व्हेरी कूल." मी सांगलीला सासरी पत्रात 'सेंट्रल एसी' आणि 'तळघर' हे दोन शब्द अधोरेखित करून लिहिले होते. तळघरात मी स्वतः एकदाच उतरले. तिथे झुरळं होती, आणि झुरळांच्या बाबतीत माझा स्वभाव मनमिळाऊ नाही.

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. त्या सांगलीहून येताना उडदाचं पीठ, पापडखार आणि हिंग घेऊन आल्या, कारण उन्हाळा आहे आणि वाळवण नाही हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. पहिले पापड गच्चीवर घातले. दुपारी वाळूचा वारा सुटला. संध्याकाळी ते पापड खाल्ले असते तर दातांना धार आली असती. मग त्यांनी घरभर फिरून दुसरी जागा शोधली. तळघर. तिथे वाळू नाही, माणसांची वर्दळ नाही, आणि म्हणे वारा छान आहे.

तळघरात वारा कुठला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण सासूबाईंनी जागा शोधली आहे आणि मला काही उचलावं लागत नाही, एवढ्यावर मी खूश होते.

मे महिन्यात आमच्या मनूला खोकला लागला. मनू तेव्हा दुसरीत. आधी रात्रीचा, मग दिवसाही. छाती घरघरायला लागली. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी आहे, कशाची ते सांगता येत नाही. औषध चालू असलं की बरं, थांबवलं की परत. शाळेत असली की कमी आणि घरी आली की जास्त, हे मला दिसत होतं, पण मला वाटायचं घरी आल्यावर लाड होतात म्हणून.

सासूबाई रात्री तिच्या पाठीला निलगिरी चोळत बसायच्या. मग एका सकाळी चहा घेता घेता त्यांनी ठरवून टाकलं. "या देशाची हवाच वाईट. मी मनूला सांगलीला घेऊन जाते. जूनमध्ये शाळा सुरू होतात. घराजवळच आहे शाळा, तुझा नवरा तिथंच शिकला."

"कायमची?" मी विचारलं.

"बरी होईपर्यंत."

ह्यांनी मान खाली घालून चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. मला भांडायचं होतं, पण कशाच्या जोरावर? पोर खोकतेय हे खरं होतं. तिकीट आलं. मनूला सांगितलं तर ती म्हणाली, "बट हू विल स्लीप विथ मम्मा?" मी तिची बॅग भरायला घेतली आणि रोज एकेक फ्रॉक परत कपाटात ठेवत राहिले.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, "अहो, हवामान खात्याला बोलवा ना शुक्रवारी जेवायला."

सासूबाईंना ते पसंत नव्हतं. "हवा बघायला माणूस कशाला? हवा काय दिसते?"

शुक्रवारी ते आले. चपला काढल्या, उंबरठ्यावर उभे राहिले, डोळे मिटले. मी त्यांच्या समोरच श्वास रोखून. बराच वेळ गेला. मग डोळे उघडून रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं.

"नाक बंद आहे जी आज. काहीच कळून नाही राहिलं. सर्दी."

वर्षभर ज्या नाकाला घाबरले, ते नेमकं त्या दिवशी बंद. मी मुकाट्याने पानं वाढली.

जेवताना आतल्या खोलीतून मनूचा खोकला आला. त्यांचा घास हातातच राहिला. "कधीपासून?"

मी सगळं सांगितलं. सांगलीचं तिकीटसुद्धा. सासूबाई ताक वाढत होत्या, म्हणाल्या, "आजीकडे राहील, त्यात काय एवढं."

"राहील ना जी," ते म्हणाले. "माझापण राहते आजीकडे. चांगला आहे. मी फोन केला की विचारतो, 'कोण बोलता जी?' मग मी नाव सांगतो."

त्यांनी हात धुतला, खिशातून उदबत्ती काढली आणि पेटवली. हॉलच्या भिंतीत खाली एक जाळी होती, तिथून घरातली हवा परत मशीनकडे ओढली जाते. तिच्यासमोर उदबत्ती धरली. धूर आळसावल्यासारखा वर गेला, थोडा जाळीकडे कलला.

"पाहा बरं. मशीन एवढं मोठं, अन् इथून हवा घेतच नाही. इथून नाही घेत म्हणजे दुसरीकडून घेऊन राहिलं. मशीन कुठं आहे?"

"तळघरात," हे म्हणाले.

"तळघरात काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझे पापड आहेत."

आम्ही सगळे खाली उतरलो. हे टॉर्च घेऊन पुढे, मग भावोजी, मग सासूबाई निऱ्या उचलून, आणि सगळ्यांत मागे मी, झुरळांशी तह करत. खाडीजवळचं तळघर ते. भिंतींना पांढरं मीठ फुटलेलं, कोपऱ्यात जमीन कायम ओली. मधोमध कपाटाएवढं मशीन घरघरत होतं. त्याच्या कुशीत एक चौकोनी भोक, चांगलं हातभर लांब, आणि ते भोक हवा ओढत होतं. त्याच्याच तोंडाशी जुन्या साडीवर पापडांच्या ओळी, आणि शेजारच्या स्टुलावर पत्र्याच्या ताटलीसारखं काहीतरी, त्यावर प्लॅस्टिक आणि त्यावर आणखी पापड.

भावोजींनी उदबत्ती पुढे केली. धूर आडवा झाला आणि दोरी ओढावी तसा सरळ त्या भोकात गेला. पापडांवरून, ओल्या भिंतीवरून, सगळ्यावरून फिरून आत.

वरून मनूचा आवाज आला. "मम्मा, व्हाय इज देअर पूजा इन माय रूम?"

म्हणजे इतके दिवस ही तळघरातली दमट हवा थंड होऊन सरळ तिच्या पलंगावर पडत होती. आणि तिच्या अंगावर आम्ही पांघरूण घालत होतो.

"हे उघडं कसं?" ह्यांनी टॉर्च मारला. "इथला पत्रा कुठे गेला? वॉचमनला बोलवा. कोणी काढला विचारा त्याला."

सासूबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला वॉचमनची गरज राहिली नाही. वारा छान आहे, असं त्या का म्हणाल्या होत्या ते कळलं. त्यांनी तो वारा करून घेतला होता.

भावोजींनाही दिसलं. त्यांनी स्टुलावरचा पत्रा बघितला. चारी कोपऱ्यांना भोकं. मग शेजारच्या फळीवरची सासूबाईंची सुपारीची डबी उचलली आणि हलवली. आत लोखंड वाजलं. त्या वस्तू जपून ठेवणाऱ्या. स्क्रूसुद्धा डबीत घालून ठेवले होते.

मी डोळे मिटले. आता हा माणूस बोलणार. मुलासमोर, सुनेसमोर, उभ्या तळघरात. आणि सासूबाई ज्या नातीसाठी रात्र रात्र जागल्या तिच्या खोकल्याचं कारण त्यांच्याच पापडांपाशी आहे, हे ऐकून त्या पुन्हा कधी आमच्या घरी ताठ मानेने बसायच्या नाहीत.

"पॅनेल बसवलंच नसेल," भावोजी म्हणाले. "ठेकेदार लोक. मशीन लावलं, झाकण विसरले. खलास."

"पण मार्चमध्ये तर मनू बरी होती," आमचे हे म्हणाले.

"मार्चमध्ये मशीन कुठं चालू होतं जी? थंडीच होती."

"हां, ते बरोबर."

"एखादा पत्रा पाहिजे आता." त्यांनी इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं. "आई, हा तुमचा पापडाचा पत्रा देता काय?"

सासूबाई पुढे आल्या. एकेक पापड उचलून साडीवर ठेवला, प्लॅस्टिक काढलं, पदराने पत्रा पुसला आणि त्यांच्या हातात दिला. भावोजींनी तो भोकावर धरला. तसूभर इकडेतिकडे नाही.

"काय माप बसलं पाहा," ते म्हणाले.

"नशीबच म्हणायचं," हे म्हणाले. आमचे हे अकाउंट्समध्ये आहेत. आकडे जुळले की ते पुढचं विचारत नाहीत. "पण स्क्रू?"

"आहेत माझ्याकडे," भावोजी खिशात हात घालत म्हणाले. फळीवर आता डबी नव्हती.

पुढचे दोन-तीन शुक्रवार ते सामान घेऊन येत राहिले. हवेच्या डक्टचे सांधे चंदेरी टेपने बंद केले. मशीनमधून पाणी वाहून नेणाऱ्या पाइपला खाली वाक दिला, म्हणजे त्यात पाणी साचून राहील आणि त्या वाटेने हवा वर चढणार नाही. तळघराच्या दाराखाली रबराची पट्टी मारली. मी विचारलं, "पण तळघर ओलं आहे ते आहेच ना भावोजी?"

"ते राहीलच ओलं. खाडी काय मी हलवून राहिलो? त्याचं अन् तुमच्या मशीनचं बोलणं बंद केलं, बस."

मनूचा खोकला एका दिवसात गेला नाही, पण उतरत गेला. एके सकाळी मी उठले तर घर इतकं शांत होतं की मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं. झोपली होती. चहाच्या वेळी सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, तिचं तिकीट रद्द करून टाका. आता हवा बरी आहे." मी फ्रॉक कपाटातच ठेवले होते, ते एक काम वाचलं.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा विमानतळावर सोडायला भावोजींची गाडी होती. मनू त्यांच्या सामानाच्या ट्रॉलीवर बसली होती. आत जाण्याआधी सासूबाई थांबल्या.

"तुम्ही कोणाचं काही ठेवत नाही, तोंडावर बोलता म्हणे," त्या भावोजींना म्हणाल्या. "मग मला का सोडलंत?"

"आई, नाक बंद होतं जी त्या दिवशी."

आमचे हे म्हणाले, "कशाबद्दल चाललंय?"

भावोजींनी खिशातून सुपारीची डबी काढून पुढे केली. सासूबाईंनी ती घेतली नाही. "राहू दे तुमच्याकडे. स्क्रू ठेवायला बरी आहे." आणि पिशवीतून पापडांचं पुडकं काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. सर्दी गेली होती.

"हिंग जास्त आहे," ते म्हणाले.

सासूबाई मोठ्याने हसल्या. त्यानंतर दर उन्हाळ्यात सांगलीहून पापड आले की त्यातलं मोठं पुडकं त्यांचं असायचं आणि आमच्यासाठी तुटलेले.

दोन हजार साल उजाडल्यानंतर कधीतरी त्यांनी नोकरी सोडली. कंपनीने थांबवून बघितलं, पगार वाढवतो म्हणाले. हे म्हणाले, तिकडचं काही काम राहिलंय. निरोपाच्या दिवशी आमच्या घरी आले, उंबरठ्यावर उभे राहिले, डोळे मिटले. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. आमच्या घराला मिळालेलं ते एकमेव प्रमाणपत्र.

पुढच्या उन्हाळ्यात मी पापड पोचले का विचारायला नागपूरला फोन केला. एका मुलाने उचलला. आवाज फुटायला लागला होता.

"कोण बोलता जी?"

मी नाव सांगितलं. तो फोन बाजूला धरून ओरडला, "ओ बाबा, तुमचा फोन. अजमानवाल्या काकू."

भावोजी आले. मागे कसलीतरी जोराची घरघर ऐकू येत होती, त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. मी विचारलं, मशीन बिघडलं का?

"कूलर आहे वहिनी. एसी घेतो म्हटलं तर घरात कोणाला पाहिजे नाही. सगळी ओलीच हवा. कपाटाची दारं फुगून राहिली."

"मग उदबत्ती लावून बघितलीत का?"

"नाही ना जी. वाळ्याचा वास येऊन राहिला. पोरगा इथंच समोर झोपते. राहू द्या म्हटलं."